काजबाईचे लाल टाके

“अंग माझं आहे, आधी मला विचारा.”

हे वाक्य काजबाईच्या तोंडी कायम असायचं. बसमध्ये कुणी खांद्याला धरून पुढे सरकवलं की म्हणायची. शेजारणीने न विचारता तिच्या डोक्यातला पांढरा केस उपटला की म्हणायची. एकदा दवाखान्यात नर्सने काही न बोलता तिच्या दंडाला प्रेशरचा पट्टा गुंडाळायला घेतला, तेव्हाही म्हणाली. नर्स इतकी चमकली की तिने खरंच विचारलं, “घेऊ का हो प्रेशर?”

“घ्या की,” काजबाई म्हणाली. “मी कुठे नाही म्हणतेय? विचारा, एवढंच.”

आमचा शर्टांचा कारखाना गावाबाहेर होता. पत्र्याचं लांबलचक शेड, दोन्ही बाजूंना उंचावर खिडक्या, आत दोन रांगांत चाळीस मशीन. एका टोकाला कापडाचा तागा उलगडायचा आणि दुसऱ्या टोकाला माझ्या इस्त्रीखालून शर्ट घडी होऊन निघायचा. मधल्या वाटेत प्रत्येकीचा हात त्याला लागायचा. एकीने खिसा लावायचा, एकीने बाही, एकीने कॉलर. आमची नावं घरी राहायची. शेडात आम्ही खिसेवाली, बाहीवाली, कॉलरवाली. मी इस्त्रीवाली.

काजाचं मशीन मात्र एकच होतं आणि त्यावर ती बसायची. बटण ज्या चिरेतून जातं ते काज. तिचं मशीन आधी चिरेच्या दोन्ही कडा दाट शिवून घ्यायचं आणि मग वरून एक बारीक सुरी खटकन पडून मधोमध कापायची. हात केसभर हलला तर सुरी दोऱ्यावर पडणार. आणि तोवर शर्ट जवळजवळ पुरा झालेला असायचा, म्हणजे चौदा बायकांची मेहनत एका खटक्यात वाया. म्हणून काजाला स्थिर हात लागतो. तिचा हात दगडासारखा स्थिर होता. महिन्यातले दोन-तीन दिवस सोडून.

त्या दिवसांत ती मशीनच्या कडेला पोट दाबून धरायची. ओठ पांढरे पडायचे. एक काज झालं की डोळे मिटायची, श्वास घ्यायची, मग पुढचं काज. मी माझ्या टेबलावरून बघत असायची. एके दिवशी मला राहवलं नाही. उरलेल्या जाड कापडाची मी चौपदरी घडी केली, इस्त्रीने तापवली, हाताला सोसेल एवढी निवू दिली आणि तिच्यासमोर धरली.

“ठेवू का पोटाशी?” मी विचारलं.

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू जन्मात पहिल्यांदा कुणी तिला बरोबर प्रश्न विचारला होता. तेव्हापासून त्या दिवसांत दर तासाला एक गरम घडी माझ्याकडून तिच्याकडे जायची आणि थंड होऊन परत यायची. लाइनमास्तर विचारायचा, “हे काय चाललंय?” मी म्हणायची, “इस्त्री तपासतेय.”

तिच्या टाक्यांच्या पट्टीची सुरुवात झाली ती सासूमुळे.

सासू तोंडाने फटकळ, मनाने भाबडी. काजबाई रविवारी पोटाला उशी लावून पडली की तिचं सुरू व्हायचं. “आम्ही नाही का सोसलं? पाळी येऊनसुद्धा पाण्याच्या खेपा घातल्या आम्ही. कधी हूं की चूं केलं नाही.”

एका रविवारी काजबाई उठून बसली. “आई, तुम्ही सोसलंत म्हणून तर तुम्हालाच विचारते. कुठे दुखायचं?”

“कुठे म्हणजे? पोटात.”

“पोटात कुठे? आणि कधीपासून? पहिल्या दिवशी, की आधीच?”

सासू उठली. मग भांडी घासायला बसली. अर्धी भांडी झाल्यावर, पाठ न वळवता म्हणाली, “कमरेत. दोन दिवस आधीपासून. मांडीपर्यंत कळ यायची.” आणि मग म्हणाली, “मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं गं.”

ही हकीकत काजबाईने मला डबा खाताना सांगितली आणि म्हणाली, “इस्त्रीवाले, सगळा जन्म गेला त्या बाईचा, आणि दुखणं कुठे होतं हे सांगायला तिला अर्धी भांडी घासावी लागली. माझ्यावर ही पाळी यायला नको. मी आता लिहून ठेवणार.”

पण लिहायचा तिला कंटाळा. तिचा हात सुईत. तिने कापडाची काठाकडची एक लांब पट्टी घेतली, दोन बोटं रुंद, आणि रोज सकाळी मशीन सुरू करायच्या आधी, आणि रविवारी घरी, तीवर हाताने एक टाका घालू लागली. साध्या दिवसाला पांढरा टाका. पाळीच्या दिवसाला लाल. आणि ज्या दिवशी दुखण्याने उभं राहवत नसे, त्या दिवशी टाक्याशेजारी काळ्या दोऱ्याची एक गाठ.

बायका हसायला लागल्या. बटणं लावणारी तिच्या पुढच्याच मशीनवर बसायची. आम्ही तिला लवंगी म्हणायचो, लवंगी फटाक्यासारखी तडतडणारी. ती म्हणाली, “काय गं, नवऱ्याच्या शिव्या मोजतेस वाटतं?”

“तेवढी लांब पट्टी कारखान्यात मिळत नाही,” काजबाई म्हणाली.

चार-पाच महिने झाले तसं हसणं कमी झालं. कारण काजबाई पट्टीवरून बोट फिरवून सांगायची, “मला यायला सहा दिवस आहेत,” आणि सहाव्या नाहीतर सातव्या दिवशी यायचीच. लवंगीला ते चमत्कारासारखं वाटलं.

“माझं काही खरं नाही बाई,” लवंगी म्हणाली. “माझी वीस-बावीस दिवसांनीच येते. काहीतरी बिघडलंय.”

“मोजतेस कुठून?”

“कुठून म्हणजे? संपल्यापासून.”

आम्ही सगळ्याच तशाच मोजायचो. संपली, अंग हलकं झालं, की तिथून दिवस धरायचे, असंच आमच्या डोक्यात बसलं होतं. काजबाईने पट्टी मांडीवर पसरली.

“हे बघ. संपल्यापासून नाही मोजायचं. पहिल्या लाल टाक्यापासून मोजायचं, ते पुढच्या पहिल्या लाल टाक्यापर्यंत. तुझी सहा दिवस चालते ना? ते सहा तू दर महिन्याला हरवतेस. बावीस आणि सहा?”

लवंगीने बोटं मोजली. “अठ्ठावीस.”

“मग बिघडलंय काय? तुझा हिशेब. एकवीस ते पस्तीसच्या मधलं काहीही चालतं, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. एखाद्या महिन्यात दोन-चार दिवस मागेपुढे झालं तर घाबरायचं नाही.”

“म्हणजे तीन वर्षं मी उगाच काळजी केली?”

“काळजी केलीस, दवाखान्यात गेली नाहीस. ते जास्त वाईट.”

त्या आठवड्यात शेडात अकरा पट्ट्या सुरू झाल्या. लाल दोऱ्याची रिळं भराभर संपायला लागली आणि स्टोअरवाल्याला कोडं पडलं, कारण त्या महिन्यात आम्ही एकही लाल शर्ट शिवला नव्हता.

डॉक्टरीणबाईंचं सांगायला हवं. सरकारी दवाखान्यात आठवड्यातून दोनदा यायच्या. पुढे तीन वर्षं भरल्यावर काजबाई सगळी पट्टी गुंडाळून त्यांच्याकडे घेऊन गेली. सोबतीला मी होते. तिने टेबलावर पट्टी उलगडली, तशी ती टेबलावरून खाली लोंबायला लागली. डॉक्टरीणबाईंनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग चष्मा सारखा केला आणि पट्टीवरून बोट फिरवत गेल्या.

“या काळ्या गाठी काय आहेत?”

“उभं राहवत नाही ते दिवस.”

“पहिल्या वर्षी पाळीला एक गाठ आहे. आता चार आहेत. आणि दोन तर लाल टाक्याच्या आधीच.” त्यांनी वर बघितलं. “लोक माझ्याकडे येतात आणि म्हणतात, पोट दुखतं. इतकं नीट मला आजवर कुणी सांगितलं नाही.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. दर महिन्याला गर्भाशयाच्या आत एक मऊ अस्तर तयार होतं.

“अस्तर?” काजबाई म्हणाली. “कोटाला असतं तसं?”

“तसंच. मूल राहिलं नाही की शरीर ते अस्तर उसवून टाकतं. ते बाहेर ढकलायला गर्भाशयाचे स्नायू आवळतात, ओला टॉवेल पिळावा तसे. काहींचं शरीर फार जोरात पिळतं, म्हणून कळा येतात. शेक घेता का?”

काजबाईने माझ्याकडे बोट दाखवलं. “या देतात. इस्त्री तपासून.”

“चांगलं करता. आणि दुखण्याची गोळी मी लिहून देते ती कळ पार डोक्यावर चढल्यावर नाही घ्यायची. दुखायला लागलं की लगेच, आणि उपाशी पोटी नाही. पण थोडं दुखणं वेगळं, आणि वर्षावर्षाला वाढत जाणारं, काम सोडायला लावणारं दुखणं वेगळं. त्याला ‘बायकांचं असंच असतं’ म्हणून सोडायचं नाही. कधीकधी तसलंच अस्तर गर्भाशयाच्या बाहेरही वाढतं. आपण तपासू.”

तपासणीत तेच निघालं. औषधं सुरू झाली. सगळं दुखणं गेलं असं मी म्हणणार नाही. पण पट्टीवरच्या चार गाठींच्या दोन झाल्या आणि मग एक.

त्याच दवाखान्यातून तिने एकदा पाळी पुढे ढकलायची गोळीही घेतली होती. तिचा भाऊ दोन दिवसांच्या बसप्रवासावर राहायचा, त्याचं ऑपरेशन होतं आणि जायलाच हवं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला आधी दहा प्रश्न विचारले. पायात किंवा छातीत रक्ताची गुठळी कधी झाली का? घरात कुणाला? काविळीचा, यकृताचा त्रास? छातीत गाठ? अर्धशिशी? मधूनच रक्त जातं का? दिवस राहिलेत अशी शंका? मग सांगितलं, यायच्या तीन दिवस आधीपासून, दिवसातून तीनदा, आणि थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येईल. आणि हिने मूल राहणं थांबत नाही, हेही लक्षात ठेवायचं. काजबाईला यायची तारीख पट्टीवरून ठाऊक होती, म्हणून सगळं सरळ झालं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे लोक म्हणाले की ती बाई गोळीच्या विरोधात होती. ती गोळीच्या विरोधात कधीच नव्हती.

मग ती मोठी ऑर्डर आली.

पंधरा दिवसांत माल द्यायचा होता. भोंगा अर्धा तास आधी वाजायला लागला आणि गेटला दिवसा कुलूप लागायला लागलं. सोमवारी सकाळी लाइनमास्तर एक पुठ्ठ्याचं खोकं काखेत धरून आला. माणूस तसा वाईट नव्हता. मालकापुढे मान खाली आणि आमच्यापुढे आवाज वर, इतकाच त्याचा दोष. त्याने प्रत्येकीच्या मशीनवर गोळ्यांचं एकेक पाकीट ठेवत रांग पार केली.

“रोज एक घ्यायची, माझ्यासमोर,” तो म्हणाला. “या पंधरा दिवसांत कुणाची अडचण नको. कुणी सारखं उठायचं नाही, कुणी पोट धरून बसायचं नाही. ऑर्डर गेली की मग खुशाल.”

कुणी लाजून खाली बघितलं, कुणी हसलं. काजबाईने पाकीट त्याच्या खोक्यात परत टाकलं. “मला नको. मला यायला अजून सतरा दिवस आहेत.”

सगळं शेड खो खो हसलं. मास्तर कानापर्यंत लाल झाला.

“सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना,” तो म्हणाला.

“अंग माझं आहे, आधी मला विचारा. विचारलंत? मी नको म्हणाले. झालं.”

तो पुढे गेला. काजाच्या बाईशी भांडण काढणं त्याला परवडणारं नव्हतं. बाकीच्या बायकांनी घेतल्या. कुणाची पाळी नुकतीच संपली होती, कुणाची दुसऱ्या दिवशी यायची होती, कुणी तर पाळी चालू असतानाच घेतली. सगळ्यांना एकाच दिवशी, एकच गोळी. मीही घेतली. पाण्याचा घोट घेतला आणि गिळली. का, असं कुणी विचारलं तर मला आजही सांगता येत नाही. दिली म्हणून घेतली.

काजबाईने मला गिळताना बघितलं. पुढचा शर्ट ओढला.

गुरुवारी डब्याच्या सुट्टीत कॉलरवाली उभ्या उभ्याच जेवत होती. तिशीची, सडपातळ, फारशी न बोलणारी. घरात दोन पोरं आणि आजारी आई, कमावणारी ही एकटी. सगळं वजन तिने उजव्या पायावर टाकलं होतं.

“पाय मुरगळला का गं?” काजबाईने विचारलं.

“नाही ताई. पोटरीत गोळा आल्यासारखं होतंय. कालपासून.”

“बघू का?”

कॉलरवालीने इकडेतिकडे बघितलं आणि कपडा गुडघ्यापर्यंत वर केला. डावी पोटरी उजवीच्या दीडपट झाली होती. कातडी ताणून चकाकत होती, लालसर. काजबाईने हात टेकवला आणि लगेच उचलला. गरम होती.

“आधी कधी झालं होतं असं?”

“धाकट्याच्या बाळंतपणानंतर. याच पायात. रक्ताची गुठळी म्हणाले होते. सहा महिने औषध होतं.” तिचा आवाज खाली गेला. “डॉक्टर म्हणाले होते की असल्या हार्मोनच्या गोळ्या कधी घ्यायच्या नाहीत.”

“मग सांगितलं का नाहीस?”

कॉलरवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. “मला विचारलं कुणी?”

काजबाईचा चेहरा त्या क्षणी मी बघितला. तिला कुणी कानाखाली दिली असती तरी असा झाला नसता. ती माझ्याकडे वळली आणि दातांतून म्हणाली, “चार दिवस, इस्त्रीवाले. चार दिवस मी फक्त माझ्याच अंगाचं बोलले.”

ती मास्तरकडे गेली. कॉलरवालीला आत्ता, या मिनिटाला दवाखान्यात न्यायचं होतं. मास्तर म्हणाला, “भोंगा झाल्यावर जा. मुरगळला असेल. गेट मी उघडू शकत नाही, मालकाचा हुकूम आहे.”

“गुठळी आहे, मास्तर. ती तिथून सुटून छातीत गेली तर बाई राहायची नाही.”

“तू डॉक्टर आहेस का?”

“नाही. तुम्ही आहात? गोळ्या तर तुम्ही वाटल्यात.”

तो पाठ फिरवून निघून गेला. सुट्टी संपली, मशीन सुरू झाली. काजबाई जागेवर येऊन बसली, हात लांब केला आणि मशीनचं बटण बंद केलं. मग हात मांडीवर ठेवून सरळ बसून राहिली.

तिच्या मागे शर्टांचा ढीग वाढायला लागला. दहा मिनिटांनी लवंगीचे हात रिकामे झाले. तिने मागे वळून बघितलं, काय ते ओळखलं आणि चक्क पायावर पाय टाकून बसली. आणखी थोड्या वेळाने माझ्यापुढचा शेवटचा शर्ट संपला. मी इस्त्री उभी करून ठेवली. एकेक मशीन थांबत गेलं, तसा शेडातला आवाज पाणी ओसरावं तसा ओसरला. पंख्यांची घरघर त्या दिवशी मला पहिल्यांदा ऐकू आली.

मास्तर धावत आला. “काम बंद पाडतेस?”

“बंद नाही पाडलं. थांबलेय. गेट उघडा, मी सुरू करते. नाहीतर दुसरी बसवा काजावर.”

दुसरी कोण बसणार? त्याने रांगेवरून नजर फिरवली. चाळीस जणी आपापली नखं बघत होत्या.

तोवर ऑफिसातून मालक आला. पांढरा शर्ट, आम्हीच शिवलेला. “काय तमाशा आहे हा?”

काजबाई उभी राहिली. उंचीने त्याच्या खांद्यालाही लागत नव्हती. तिने लवंगीच्या मशीनवरचं गोळ्यांचं पाकीट उचललं. “साहेब, एवढंच सांगा, हिचं नाव काय?”

“गोळी आहे. पाळी लांबवायची.”

“नाव विचारलं. बरं, नाव राहू दे. सुरू कधी करायची?”

मालकाने मास्तरकडे बघितलं. मास्तरने खोक्याकडे.

“दिवसातून किती? कुणाला द्यायचीच नाही? थांबवल्यावर काय होतं? चाळीस बायकांच्या पोटात तुम्ही चार दिवस काय टाकताय, ते तुमच्यातल्या एकाला तरी ठाऊक आहे का? माझ्या मशीनला तेल घालायचं तर मास्तर डबीवरचं लिहिलेलं दोनदा वाचतो. मशीनला वाचतो!”

“कुणी जबरदस्ती केली नाही,” मालक म्हणाला.

“विचारलंही नाही. ती बघा, कॉलरवाली. तिला एक प्रश्न विचारला असतात तर ती आज दोन पायांवर उभी असती. तिला काही झालं तर तिच्या पोरांना सांगायला कोण जाईल? तुम्ही? का मास्तर?”

मालक म्हणाला, “गेट उघडलं तर तू तिच्याबरोबर जायचं नाहीस. काज कोण करणार?”

“मी जाणार,” काजबाई म्हणाली. “तिला रिक्षात एकटी टाकून मी काज करीत बसू? विचारून तरी बघा मला, करशील का म्हणून.”

तेव्हा मास्तरच पुढे झाला. खिशातून किल्ली काढली आणि मालकाकडे न बघता गेटवाल्याच्या दिशेने चालायला लागला. ते त्याच्या खात्यावर जमा आहे, मी नाकारणार नाही.

कॉलरवालीला काजबाईने आणि लवंगीने दोन्ही बाजूंनी धरलं. डॉक्टरीणबाईंचा तो दवाखान्याचा दिवस होता, हे नशीब. त्यांनी पाय बघितला, गोळ्यांचं पाकीट बघितलं आणि कॉलरवालीला तशीच मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. गुठळीच होती. रक्त पातळ करायची इंजेक्शनं तिथे पोचताच सुरू झाली. हॉस्पिटलचे डॉक्टर म्हणाले की आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. नऊ दिवसांनी ती आपल्या पायांनी घरी आली.

त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाई काजबाईला म्हणाल्या होत्या, “ही रोज एक वाटली? सगळ्यांना? आणि पाळी कुणाची कधी, ते न बघता? हिने धड पाळी लांबणारही नाही, आणि निम्म्या जणींना मध्येच रक्त जायला लागेल.” आणि तसंच झालं होतं. शेडात सहा जणींना नको त्या वेळी डाग दिसायला लागले होते, आणि प्रत्येकीला वाटत होतं की फक्त आपल्यातच काहीतरी बिघडलंय.

हे सगळं काजबाईने शुक्रवारी सकाळी भोंग्याच्या आधी आम्हाला सांगितलं, मोठ्या आवाजात, लपवाछपवी न करता. मास्तर दारात उभा होता, तोही ऐकत होता. ती म्हणाली, “जिला पाळी पुढे ढकलायची असेल तिने ढकलावी. तिच्या कामासाठी, तिच्या मनाने, डॉक्टरला विचारून. दुसऱ्याच्या शर्टांसाठी नाही. आणि ज्यांनी घेतल्यात त्यांनी आज दवाखान्यात जाऊन सांगा, लाजू नका.”

पहिलं पाकीट लवंगीने कटिंगच्या टेबलावर आपटलं. दुसरं मी. मग टेबलावर पाकिटांचा ढीग झाला. मास्तर पुढे आला, त्याने खोकं आणलं आणि एकेक पाकीट गुपचूप त्यात भरलं. त्यातली एकही गोळी पुन्हा वाटली गेली नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

मग मालक आला. हातात टाइप केलेला कागद. आवाज आज मऊ होता.

“झालं गेलं सोडून दे,” तो काजबाईला म्हणाला. “एवढ्यावर सही कर आणि मशीनवर बस.”

“काय आहे?”

“कागदपत्रं असतात. सही कर.”

तिने कागद घेतला आणि वाचायला लागली. मोठ्याने. अडखळत, पण प्रत्येक शब्द. महिला कामगारांनी स्वतःच्या सोयीसाठी सदर गोळ्यांची मागणी केली. त्या सर्वांनी स्वखुशीने घेतल्या. काम थांबवल्याबद्दल मी दिलगीर आहे.

ती आमच्याकडे वळली. “मागितल्या होत्या का गं कुणी?”

“नाही!” आम्ही म्हणालो. सगळ्यांचा आवाज पत्र्याला लागून परत आला.

“मग हे खोटं आहे,” ती मालकाला म्हणाली. “याच्यावर माझी सही घेऊन उद्या कॉलरवालीला दाखवणार, की बघ, तूच मागितली होतीस. ती हॉस्पिटलात पडलीय आणि मी इथे तिच्या वाईटावर सही करू?”

“सही नाही तर मशीन नाही. नीट विचार कर. तुझ्या वयात दुसरीकडे कोण घेईल?”

“माझ्या वयाचं मी बघते.”

“मग जा.”

“जाते की.”

तिने कागद टेबलावर ठेवला, नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून. डब्याची पिशवी खांद्याला लावली. कुणाच्या गळ्यात पडली नाही, कुणाला धीर दिला नाही. लवंगीच्या मशीनजवळून जाताना फक्त म्हणाली, “सोमवारी हॉस्पिटलात जायचंय. तुझी पाळी कधी आहे बघून घे, मग कुरकुर नको.”

“माझी पुढच्या गुरुवारी आहे,” लवंगी रडत म्हणाली.

“बघ. आता येतं तुला.”

ती दारातून बाहेर पडली. आम्ही बाकांवर चढलो, कारण खिडक्या उंचावर होत्या. अंगणात ऊन होतं. गेटवाल्याने एक माणूस जाण्याएवढं नाही, दोन्ही दारं पूर्ण उघडली, ट्रक आत घेताना उघडतो तशी, आणि बाजूला उभा राहिला. ती मधोमध चालत गेली. घाई नव्हती. रस्त्याला लागल्यावर तिने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि बसथांब्याकडे न वळता सरळ गावाच्या वाटेने चालायला लागली.

खिडकीत आम्ही सगळ्या होतो. खाली टेबलापाशी मालक होता, पेनाचं टोपण हातात. मास्तर दारात जाऊन उभा राहिला होता, आमच्याकडे पाठ करून. तिच्या जागेवर कुणी बसलं नाही. मशीन सुरू करा असं मालक दोनदा म्हणाला, पण खाली कुणी उतरलं नाही. ती वळणापर्यंत दिसत होती, आणि वळणापर्यंत आम्ही बघत होतो.